अर्धं पाऊल मागे

काल एका लग्नाच्या स्वागत समारंभात एक तरुणी एका वयस्कर उद्योजकांना आपल्या साहेबांकडे घेऊन आली. "सर, हे जोशीकाका," एवढं म्हणून ती अर्धं पाऊल मागे सरकली. साहेब पुढे झाले, गप्पा सुरू झाल्या आणि ती रिकामी डिश धरून हसत उभी राहिली.

ते अर्धं पाऊल मी ओळखतो. खासगी फंडांसाठी गुंतवणूकदार मिळवणं हेच माझं आयुष्यभराचं काम. त्यात पगार नुसत्या कष्टानं वाढत नाही. गुंतवणूकदार कुणाच्या नावावर लागला, त्यावर वाढतो. माझ्या हाताखालची वैशाली सांगलीच्या एका कारखानदारांकडे वर्षानुवर्षं जात राहिली. त्यांच्या आईच्या डोळ्यांच्या ऑपरेशनलाही ती दवाखान्यात बसून होती. सह्यांच्या दिवशी मात्र पुढच्या खुर्चीत मी बसलो आणि नाव माझं लागलं. त्या जोरावर मी कंपनीत भागीदार झालो. तिचा पगार होता तिथंच राहिला.

"सर, पुढच्या वेळी तरी माझं नाव लावाल ना?" तिनं विचारलं होतं.

"अगं, आपण एकच टीम," मी म्हणालो. पुढची वेळ येण्याआधीच तिनं नोकरी सोडली. ते कारखानदार तिनं आणले होते, हे मी आजवर कुठंही बोललो नाही.

काल त्या साहेबांनीही मागे हात करून सांगितलं, "ही आमच्या टीममधली." मी उठून त्या मुलीला तिचं नाव विचारलं. तिनं ते आनंदानं सांगितलं. आता नाव विचारायला माझं काहीच जाणार नव्हतं.