पाहणीला गेलो आणि जेवून आलो

आमच्या कॉलेजात विद्यार्थ्याला मिळणारी मदत म्हणजे मिसळ. तळाला सरकारी शिष्यवृत्ती, वर फीमाफी, चवीला 'कमवा आणि शिका'. तरीही वसतिगृहाचा खर्च उरलाच, तर माजी विद्यार्थ्यांचा निधी. पण त्यासाठी समितीने घरी जाऊन परिस्थिती पाहायची. समिती म्हणजे मी आणि अकाउंटन्सीचे सर. हे सर देवळातल्या दानपेटीकडेही पावती मागतील!

तर आम्ही पालीच्या पुढे एका वाडीत गेलो. मुलगी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला, वडील मुंबईत वॉचमन. कॉलेजच्या वेळेची एस.टी. नाही, वसतिगृह सुटलं की शिक्षण सुटलं.

पडवीत शिरलो आणि काय पाहतो? गुबगुबीत सोफा! गरगरणारा टेबलपंखा! दारापेक्षा रुंद टीव्ही! आम्ही सोफ्यात रुतलो, तोच हातात कोंबडीवड्यांची ताटं आली.

सर माझ्या कानाशी लागले. "यांना कसली मदत? यांच्याकडून देणगीच घेऊ."

मुलीने ते ऐकलं. ती रडवेली होऊन आईला म्हणाली, "आये, तुला सांगितलं होतं ना, हाय तसंच दाखव!"

"गप गो! मास्तर पयल्यांदा घरी आले, त्यांना काय गोणपाटावर बसवू?"

सरांनी डाव्या हाताने खिशातलं पेन चाचपलं. एवढ्यात शेजारचे आजोबा आले. "सूनबाई, पंखा झाला असंल तर नेतो. म्हातारी घामानं भिजलीय." पंखा गेला. मागोमाग एक काकू आल्या, त्यांची मालिका सुरू होणार होती. टीव्ही गेला. मग दोन बाप्ये सोफ्यापाशी हात जोडून उभे राहिले.

"सायेब, सावकाश जेवा. घाई नाय. फकस्त आमच्याकडं मुलगी बघायला पावणे आलेत, ते उभे हायत."

सर आणि मी ताटासकट उठलो. सोफा वरातीसारखा अंगणातून निघाला. मला टाळ्या वाजवायच्या होत्या, पण हात रश्श्याने भरलेले!

सर जमिनीवर मांडी घालून बसले. "ताई, मग यात तुमचं स्वतःचं काय?"

आईने पदर सावरला. "कोंबडी."

"अशा किती आहेत?"

"एकच होती."

सरांचा घास हवेत थांबला. मग त्यांनी तो खाल्ला, हात धुतले आणि वसतिगृहाच्या पूर्ण खर्चाची शिफारस लिहिली. मालमत्तेच्या रकान्यात त्यांचं टपोरं अक्षर मी वाकून वाचलं: 'कोंबडी, एक. पाहणीदरम्यान संपली.'