मेट्रनबाईंचं हुकलेलं बेथलेहेम

"जीभ दाखवा."

सकाळचे सहा वाजलेले. जेरुसलेममधल्या आमच्या हॉटेलची लॉबी. समोर ठाण्याचे फादर, अंगात पांढरा झगा, हातात प्रार्थनेचं पुस्तक. त्यांनी एकदा इकडेतिकडे पाहिलं आणि निमूटपणे जीभ बाहेर काढली.

"पोट साफ?"

"हो, हो."

"खरं सांगा. आज पायऱ्या आहेत."

फादरांनी डोळे मिटून मान हलवली. जन्मभर लोकांचे कबुलीजबाब ऐकलेल्या माणसाला स्वतःचा कबुलीजबाब असा चारचौघांत द्यावा लागत होता. त्यांच्या मागे कल्याणचे पास्टर उभे होते. ते जीभ काढायच्या तयारीतच होते.

विचारणाऱ्या बाई कल्याणच्या एका मोठ्या हॉस्पिटलातून मेट्रन म्हणून निवृत्त झाल्या होत्या. त्यांना नाव होतं. पासपोर्टचा फॉर्म मीच भरला होता. पण ते नाव मी कधी तोंडाने उच्चारलेलं आठवत नाही. सगळे मेट्रनबाई म्हणायचे, मीही म्हणायचो. बुटकी, सावळी, गुबगुबीत मूर्ती. पांढऱ्या सुती साडीला छातीशी उलटं घड्याळ टाचलेलं. सलाम करायला हात पुढे केला, तरी त्या आधी मनगट पकडून नाडी बघायच्या. तुमच्याही ओळखीत अशी एखादी बाई असेल. नोकरी सुटते, पण माणसं बरी करायची खोड सुटत नाही.

मी तेव्हा ठाणे स्टेशनजवळच्या एका ट्रॅव्हल्समध्ये होतो. आमचे मालक अष्टविनायक न्यायचे, चारधाम न्यायचे. नव्वदीच्या दशकात इस्राएलचा व्हिसा सोपा झाला, तसे त्यांचे कान टवकारले. "देव बदलला, पण बस तीच ना?" असं म्हणून त्यांनी 'पवित्र भूमी दर्शन' छापून टाकलं. वर उंटाचं चित्र, खाली 'घरगुती महाराष्ट्रीय जेवणाची सोय'. ऑफिसात पासपोर्ट एकट्या माझ्याकडे होता, म्हणून मॅनेजर मी. मी डोंबिवलीचा. ख्रिस्ती धर्माबद्दलचं माझं ज्ञान नाताळच्या केकपुरतं.

बसमध्ये पुढे ठाण्याचे कॅथलिक आणि मागे कल्याणचे प्रॉटेस्टंट बसले. पुढच्या जागा कुणी धरायच्या यावरून विमानतळापासूनच धुसफूस होती. रोज सकाळी फादर माईकवर प्रार्थना म्हणायचे. ती संपली की पास्टर उठायचे आणि त्याहून लांब प्रार्थना म्हणायचे. ड्रायव्हर युसुफ दोन्हींच्या शेवटी मोठ्याने आमेन म्हणायचा. तो मुसलमान होता, पण त्याला गाडी काढायची असायची.

खरा भडका उडाला तो कबरीवरून. जेरुसलेममध्ये येशूच्या दोन कबरी दाखवतात हे मला ठाऊक नव्हतं. एक जुन्या चर्चच्या आत, दुसरी गावाबाहेरच्या बागेत. फादरांच्या मते पहिली खरी, पास्टरांच्या मते दुसरी. दोघांनी पुस्तकं काढली. मागच्या बाकांवरून कुणीतरी पोपबद्दल बोललं, पुढून कुणीतरी गोऱ्या साहेबाच्या मिशनबद्दल. मी गोंधळून उभा होतो. मेट्रनबाई चण्यांची पुडी सोडत म्हणाल्या,

"दोन्ही रिकाम्याच आहेत ना?"

फादरांनी पुस्तक मिटलं, पास्टरांनीही.

"आणि तो तिसऱ्या दिवशी उठला, कबर रिकामी आहे, म्हणूनच आपण ख्रिस्ती आहोत ना? मग भांडताय कशाला? चणे घ्या."

यार्देन म्हणजे जॉर्डन नदीवर त्यांनी असाच धुमाकूळ घातला. आमची मंडळी बाटल्यांत पवित्र पाणी भरत होती. कुणी खोकल्याच्या औषधाची बाटली आणलेली, कुणी थर्मास. एका काकांनी ओंजळ तोंडाला लावली आणि मेट्रनबाई काठावरून गरजल्या, "थुंका ते! योहानानं येशूला इथं बाप्तिस्मा दिला, पाजलं नाही कुणाला!" काकांनी यार्देन यार्देनमध्येच थुंकली.

त्यांच्याविरुद्ध उघड बंड पुकारलं ते एकट्या पास्कल अंकलनी. ठाण्याचे, बँकेतून निवृत्त झालेले, विधुर. खिशात एक लाल वही आणि तिच्यात तक्रारी. चहा कोमट, उशी कडक, गालीलचा समुद्र म्हणून दाखवलं ते तळं निघालं. वहीची शेवटची कितीतरी पानं मेट्रनबाईंच्या नावावर होती. "ही बाई आम्हाला पेशंट समजते," ते मला म्हणायचे. "मी टूरिस्ट म्हणून आलेलो, पेशंट म्हणून नाय." मेट्रनबाई मात्र रोज त्यांनाही विचारायच्या, "मिस्टर पास्कल, जीभ?" आणि रोज ते तोंड घट्ट मिटून बसकडे चालायला लागायचे.

बाईंना स्वतःला काय बघायचं होतं, ते मला सहलीच्या चौथ्या दिवशी कळलं. त्या आधी गाइडपाशी गेल्या, मग फादरांपाशी, मग पास्टरांपाशी. प्रश्न एकच.

"बेथलेहेमात बाळंतपण कुणी केलं?"

गाइड हसला. फादर म्हणाले, "शास्त्रात तसा उल्लेख नाही." पास्टर म्हणाले, "ते ईश्वरी कार्य होतं, बाई."

"ईश्वरी असेल. नाळ तर कापावी लागलीच ना?"

पास्टर खिडकीबाहेर बघू लागले.

मग त्या माझ्या शेजारी येऊन बसल्या. "बत्तीस वर्षं मी बाळंतिणींच्या वॉर्डात काढली रे. दर नाताळात वॉर्डात येशूजन्माची गव्हाण मांडायचे. मेंढपाळ, राजे, उंट, सगळे मांडायचे. आणि दर वेळी वाटायचं, अरे, ह्यात बाईमाणूस कुठाय? पहिलटकरीण पोर, माहेर लांब, सोबतीला एक सुतार. सुताराला काय कळतंय? मला ती जागा बघायचीय. कुणी कसं निभावलं असेल ते जागा बघितल्यावर कळेल मला. बाकी तुमचं हे सगळं नाही दाखवलंत तरी चालेल."

बेथलेहेम सहाव्या दिवशी होतं. त्या दिवशी बाई ठेवणीतली साडी नेसून लॉबीत आल्या. तपासणी सुरू झाली. पास्कल अंकल नेहमीप्रमाणे तोंड मिटून निघाले. बाईंनी या वेळी जीभ मागितलीच नाही. त्यांनी सरळ अंकलचं मनगट धरलं आणि घड्याळाकडे बघत राहिल्या.

"घाम कधीपासून येतोय?"

"गरम होतंय."

"इथं एसी आहे. डावा हात दुखतोय?"

"मॅडम, मी तुमची कंप्लेंट करेन."

"करा. पण आडवं पडून लिहा."

त्यांनी अंकलना सोफ्यावर निजवलं, गळ्याची बटणं सोडली आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "ॲम्ब्युलन्स बोलाव."

ॲम्ब्युलन्स आली. सोबत कोण जाणार? फादरांनी घड्याळात पाहिलं. पास्टर छताचं झुंबर निरखू लागले. मग दोघांनी अंकलच्या दोन बाजूंना उभं राहून प्रार्थना केली. सगळ्या सहलीतली ती पहिली एकत्र प्रार्थना, मिनिटभरात उरकली. नोकरी माझी होती, म्हणून मी पुढे झालो. बाईंनी मला हाताने मागे सारलं.

"तुला ईसीजी वाचता येतो? नाही ना? मग ह्या सगळ्यांना घेऊन जा. मी बसते याच्यापाशी."

"पण बाई, आज बेथलेहेम..."

"ते कुठं पळून जातंय?" म्हणून ठेवणीतल्या साडीचा पदर खोचत त्या ॲम्ब्युलन्समध्ये चढल्या. आम्ही बेथलेहेमला गेलो.

अंकलना हृदयविकाराचा झटका आला होता. तासाभराचा उशीर झाला असता तर त्यांना पेटीतून घरी न्यावं लागलं असतं, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. बाई दोन दिवस त्यांच्या खाटेशेजारी खुर्चीवर बसून होत्या. तिथल्या नर्सला त्यांनी चादरीचे कोपरे कसे खोचायचे तेही शिकवलं म्हणे. अंकल आठवडाभर तिथेच राहून मागाहून परतले.

परतीच्या दिवशी विमान संध्याकाळचं होतं. बेथलेहेम बसने अर्ध्या तासावर. मी माईक हातात घेतला. "मेट्रनबाईंचं बेथलेहेम राहिलंय. सगळ्यांची तयारी असेल तर आत्ता जाऊन येऊ."

ज्यांच्या जिभा त्यांनी रोज सकाळी तपासल्या, ज्यांना गोळ्या त्या स्वतःच्या पर्समधून पुरवत होत्या, ती सगळी माणसं एकमेकांकडे बघू लागली. मग मधून एक आवाज आला, "मग खरेदी?"

"आणि त्या दमल्या असतील," दुसरा आवाज. "त्यांनाच विचारा ना."

बाई पुढच्या सीटवर पाय लांब करून बसल्या होत्या. घोटे सुजलेले. "खरेदी करून घ्या," त्या म्हणाल्या. "मी बसते इथंच."

सगळे उतरले. जैतुनाच्या लाकडाच्या दुकानात झुंबड उडाली. युसुफने मला बाजूला घेतलं. त्याचा भाऊ टॅक्सी चालवायचा. बाईंना दोन तासांत दाखवून आणतो म्हणाला. मी म्हणालो, बघू. आणि मालकांसाठी लाकडी उंट घ्यायला दुकानात शिरलो. लहान घ्यावा की मोठा, यात माझा तास गेला. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय.

परत आल्यावर पंधरा दिवसांत ऑफिसात पास्कल अंकलचं पत्र आलं, टाइप केलेलं. 'सदर बाईंनी गॅसच्या साध्या त्रासाचा बाऊ करून मला बेथलेहेमच्या दर्शनास मुकवले.' माझं डोकं फिरलं. मी ते पत्र घेऊन ठाकुर्लीला बाईंच्या घरी गेलो आणि मोठ्याने वाचून दाखवलं. त्या मेथी निवडत होत्या.

"तक्रार करतोय ना?" त्या म्हणाल्या. "मग बरा आहे."

मग मेथी बाजूला सारून त्यांनी हात पुसले. "आता बेथलेहेम सांग."

मी सांगू लागलो. मोठं चर्च, खांब, खाली उतरायला पायऱ्या.

"किती पायऱ्या?"

"असतील वीसेक."

"खाली वारा येतो?"

"येतो ना."

"कुठून?"

"खिडकीतून."

"गुहेला खिडकी?"

बाई माझ्याकडे बघत होत्या. आजार लपवणाऱ्या पेशंटकडे त्या तशाच बघत असणार.

"तू बघितलंच नाहीस."

"नाही. माणसं मोजत होतो. दोघं खाली आलेच नव्हते, त्यांना शोधत होतो."

त्या रागावल्या नाहीत. पुन्हा मेथी पुढे ओढली. "पुढल्या खेपेला नीट बघून ये आणि मला सांग. माझे गुडघे आता विमानाच्या जिन्याचे राहिले नाहीत."

पुढल्या वर्षी मालकांनी दोन सहली काढल्या. एक ठाण्याची कॅथलिक, एक कल्याणची प्रॉटेस्टंट. प्रत्येकीला स्वतःची बस, स्वतःची कबर. भांडण मिटलं आणि मालकांचा धंदा दुप्पट झाला. बेथलेहेमला मी गट वर पाठवून दिला आणि एकटा खाली गुहेत थांबलो. सगळं निरखलं. पायऱ्या मोजल्या, भिंतीला हात लावून पाहिला. वर माझ्या नावाने हाका चालल्या होत्या. चालू दिल्या.

परत आलो आणि ठाकुर्लीला जायचं ठरवलं. तेवढ्यात अष्टविनायकाची बस लागली. मग कुणाच्या तरी तिकिटांचा घोळ झाला. मग पुढल्या रविवारी जाऊ, मग त्याच्या पुढल्या. एका सकाळी ऑफिसात पास्टरांचा फोन आला. मेट्रनबाई झोपेतच गेल्या होत्या.

कल्याणच्या दफनभूमीत ऊन तापलं होतं. पास्टरांनी विधी केला. फादरही ठाण्याहून आले होते. ते फाटकाशी उभे राहून पुटपुटत होते. पास्टरांनी खूण करून त्यांना आत बोलावलं. माती लोटून झाली, माणसं पांगली. मी निघालो, तर भिंतीच्या कडेला पास्कल अंकल काठी टेकून उभे. सावलीची सोय नाही, खुर्च्या नाहीत, रस्ता विचारला तर कुणी धड सांगत नाही, असं बरंच काही त्यांनी मला ऐकवलं. मग थांबले.

"तू परत जाऊन आलेलास ना तिकडे, बेथलेहेमला? तिला सांगितलंस?"

"राहून गेलं, अंकल."

त्यांनी काठीच्या टोकाने माती उकरली. मग भिंतीच्या कठड्यावर बसले आणि शेजारची जागा हाताने झाडली.

"मग मला सांग. मी पण नाय बघितलेला."

मी बसलो. चर्चच्या आत शिरायचं दार इतकं बुटकं आहे, की कुणालाही वाकावंच लागतं, हे सांगितलं. खाली जाणाऱ्या पायऱ्या झिजून मधे खोलगट झाल्यात, गुहेला खिडकी नाही, वारा अजिबात नाही, पण दिव्यांची ऊब आहे, हेही सांगितलं. आणि ती जन्माची जागा म्हणजे कोनाडाच आहे. एक निजलेली आणि एक तिच्यावर वाकलेली, एवढ्या दोनच बायका तिथे मावतील.

कबर बुजवणारी माणसं नळावर फावडी धूत होती. ती गेली, नळ बंद झाला, तरी आम्ही बसून होतो. शेवटी अंकलनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि उठण्यासाठी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"चल," ते म्हणाले. "मला स्टेशनला रिक्षा बघून दे."