पंधरा किलो कच्च्या बिया

चारचौघांत मी त्यांना 'आमचे हे' म्हणते. इथे नुसता नवरा म्हणणार आहे, आणि तोही एकेरीत. या हकिकतीत त्याने माझ्याशी जे केलं, त्यानंतर अहोजाहोचं ओझं लेखणीला झेपत नाही.

चंडीगढला आमचं तिसरं वर्ष होतं. केंद्र सरकारची नोकरी, बदलीचं गाव, पहिल्या मजल्यावरचं सरकारी क्वार्टर आणि अकरा वर्षांची एक मुलगी. पंजाब पेटला होता. सकाळचा पेपर उघडण्याआधीच पहिल्या पानावर काय असणार ते कळलेलं असायचं. नवऱ्याला ऑफिसातून यायला वीस मिनिटं उशीर झाला की मी गॅलरीत जाऊन उभी राहायचे. कर्फ्यू कधी लागेल याचा नेम नव्हता, आणि लागला की पहिल्यांदा बंद व्हायचं ते दूध, कारण दूधवाला मोहालीच्या पलीकडच्या खेड्यातून सायकलवर यायचा.

आणि तिकडे कऱ्हाडला आई एकटी होती. प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेली, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मी तिची एकुलती एक. ऑपरेशन कर म्हटलं की म्हणायची, "डोळ्याला पट्टी बांधून महिनाभर कुणाच्या जिवावर बसू? तू कायमची इकडं आलीस की करू." नवऱ्याने पुण्याला बदली मागितली होती. "मार्चपर्यंत ऑर्डर निघते, पक्कं," असं त्याने मला सांगितलं, तसंच मी आईला कळवलं आणि तिने डोळे मार्चपर्यंत थांबवून ठेवले.

तोवर कर्फ्यूत तगायचं होतं. बेगमी माझ्या हाडीमाशी मुरलेली. आईच्या घरी उन्हाळ्यात वर्षाचा गहू बिब्बे घालून कणगीत जायचा, तुरीच्या डाळीला एरंडेल लागायचं, तिखट-मसाल्याच्या बरणीत हिंगाचा खडा पडायचा. इथेही मी तांदूळ, डाळ, रॉकेल, मेणबत्त्या सगळं भरून ठेवलं. खालच्या मजल्यावरच्या सरदारीण बीजी कणीक आणि तूप साठवायच्या आणि माझी यादी ऐकून हसायच्या, कारण माझ्या यादीत कॉफी होती. नवऱ्याला बिनदुधाचा चहा घशाखाली उतरत नसे, काळी कॉफी मात्र चालायची. सकाळी एक आणि संध्याकाळी एक. ती मिळाली नाही तर माणूस घरभर भांडण शोधत हिंडायचा.

पहिल्या वर्षी मी दोन किलो दळलेली कॉफी एका डब्यात भरली आणि आईची आठवण ठेवून मधोमध हिंगाचा खडा घातला. मसाला टिकतो तर कॉफी का नाही टिकणार? पुढे चार दिवसांचा कर्फ्यू लागला. नवरा रोज ती कॉफी प्यायचा, "छान झालीय" म्हणायचा, अर्धा कप आणखी मागायचा. चौथ्या दिवशी माझं डोकं दुखायला लागलं म्हणून मी स्वतःला कपभर ओतून घेतली. आमटीत साखर घालून प्यावी तशी चव! मी बेसिनकडे धावले.

"अहो, सांगितलं का नाहीत?"

"तू एवढ्या हौसेनं ठेवली होतीस," तो म्हणाला.

मला भरून आलं. असा नवरा मिळायला नशीब लागतं, असं मी आईला पत्रात लिहिलं. खरंच लिहिलं होतं.

तिसऱ्या वर्षी दिवाळीनंतर एका संध्याकाळी नवरा स्कूटरवर पुढे पोतं ठेवून आला. ऑफिसातला एक सहकारी रजेवर कर्नाटकात गावी गेला होता, त्याच्या घरचा कॉफीचा मळा होता. पोत्यात पंधरा किलो कच्च्या बिया होत्या, हिरवट-करड्या, चवळीपेक्षा थोड्या मोठ्या, कॉफीचा वासही नसलेल्या. नवरा खुशीत होता. "दळलेली कॉफी पंधरा दिवसांत मरते, भाजलेली महिनाभरात," त्याने मला समजावलं. "कच्ची बी मात्र दोन-तीन वर्षं हलत नाही. लागेल तशी भाजायची."

मी कंबर कसली. या खेपेला चूक करायची नव्हती, म्हणून त्या सहकाऱ्याच्या बायकोला जाऊन विचारून आले. हिंग नको, बिब्बे नकोत, तेलाचा हात तर मुळीच नको. ही बी शेजारच्या प्रत्येक वस्तूचा वास ओढून घेते. तिला फक्त कोरडं, थंड आणि अंधारं हवं. मी तुपाचे तीन मोठे पत्र्याचे डबे सोड्याने धुतले आणि तुपाचा वास जाईपर्यंत तीन दिवस गच्चीत उन्हात ठेवले. बिया परातीत घेऊन निवडल्या, फुटक्या-काळ्या काढून टाकल्या. धुतलेल्या मांजरपाटाच्या पिशव्या शिवल्या, त्यांत बिया भरल्या, पिशव्या डब्यांत उतरवल्या आणि झाकणांच्या कडेने मेणबत्तीचं मेण ओतलं. डबे पलंगाखाली भिंतीशी लावले. गॅसवर कढई ठेवून पहिला घाणा भाजला तेव्हा घरात असा वास सुटला की बीजी जिना चढून वर आल्या.

राहिलं होतं चिठ्ठ्या लावणं. आमच्याकडे बेगमीच्या प्रत्येक डब्यावर चिठ्ठी असते: कधी भरला आणि कधीपर्यंत पुरेल. आई त्याशिवाय डबा फळीवर चढूच द्यायची नाही. मी जमिनीवर बसले, मुलीची पेन्सिल घेतली आणि हिशेब मांडला. पंधरा किलो भाजल्यावर साडेबारा होतात. आमच्या घराला महिन्याला अर्धा किलो लागते. पहिल्या डब्यावर लिहिलं, जुलैपर्यंत. दुसऱ्यावर लिहिलं, त्यापुढच्या मार्चपर्यंत. तिसऱ्यावर नोव्हेंबर लिहायला गेले आणि पेन्सिल थांबली.

आम्ही जाणार होतो या मार्चमध्ये. या मार्चमध्ये तर पहिला डबासुद्धा निम्माच झालेला असणार होता.

आधी मी स्वतःचीच समजूत घातली. सामानाबरोबर पुण्याला नेऊ म्हटलं. पण पुण्यात गल्लीच्या तोंडाशी कॉफी डोळ्यांदेखत दळून मिळते, तिथे कोण बियांचे डबे वाहून नेईल? आणि नवरा तर बदलीच्या वेळी लोखंडी खलबत्तासुद्धा वाटेत देऊन टाकणारा माणूस. निघायच्या तयारीतला माणूस दोन वर्षांची बेगमी करत नाही. हे एवढं साधं मला कळलं नव्हतं आणि मी आठवडाभर त्याच्यासाठी पिशव्या शिवत बसले होते.

तो घरी आला, बूट काढत होता. मी विचारलं, "मार्चपर्यंत किती लागेल?"

"काय?"

"कॉफी. मार्चपर्यंतची बाहेर ठेवते, बाकीची परत देऊन टाका."

तो बुटाची नाडी सोडत राहिला. ती केव्हाच सुटलेली होती. मग म्हणाला, "ऑर्डर सप्टेंबरातच आली होती. मी नको म्हणून लिहून दिलं."

पुढचं वर्ष त्याच्या बढतीचं होतं. पुण्याला गेला तर सहाजणांच्या मागे उभं राहावं लागलं असतं. हे सगळं त्याने मला फाइलवरचा शेरा वाचावा तसं सांगितलं.

"मग मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तू एकटी निघून गेली असतीस," तो म्हणाला. "मला इथं एकट्यानं राहायचं नव्हतं. या दिवसांत तर नाहीच."

त्याची भीती खरी होती, ते मला दिसत होतं. तरीही माझा संताप तसूभर कमी झाला नाही. तीन महिने हा माणूस माझ्यासमोर बसून "ऑर्डर निघतेच आहे" म्हणत होता. हिंगाची कॉफी हसत हसत पिणारा माणूस किती सफाईने खोटं बोलू शकतो, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. मी मात्र त्याचं कौतुक करून आईला पत्र पाठवलं होतं. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच.

"मी आईकडं जाते आहे," मी सांगितलं.

मी बॅग भरायला घेतली. मुलगी दाराशी येऊन उभी राहिली. तिचे कपडे कपाटातून काढत मी म्हटलं, "तुझं दप्तरपण आण. शाळेला चिठ्ठी देऊ."

तिला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर हिंदीतच यायचं. ती म्हणाली, "आई, मैं नहीं आ रही. पापा अकेले रह जाएँगे."

"त्यांना राहू दे की. आपल्याला इतके दिवस फसवलं त्यांनी."

ती खाली बघत म्हणाली, "मुझे पता था."

बदली झाली की इथली शाळा सुटणार म्हणून सप्टेंबरात ती रडली होती, तेव्हाच बापाने तिला सांगून टाकलं होतं. 'आई को अभी मत बताना.' तिने नाही सांगितलं. एकाच ताटात जेवणारी माझी पोर. मी तिच्यावर हात उगारला नाही, पण तिचा फ्रॉक हातातून पलंगावर फेकला. तिच्याकडे न बघता बॅगेची चेन लावली आणि दोन दिवसांनी एकटीच दिल्लीच्या गाडीत बसले.

कऱ्हाडला पोहोचल्यावर दुसऱ्याच दिवशी आईला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी बराच वेळ तपासलं. डावा डोळा होईल म्हणाले. उजव्यात मोतीबिंदू जास्त पिकून आतला दाब वाढला होता. "दोन-तीन महिने आधी आणायला हवं होतं," ते मला म्हणाले. आईने ते ऐकलं आणि माझ्या दंडावर थोपटलं, जसं काही डोळा माझाच गेला होता.

घरी आल्यावर तिने उशीखालून माझी आंतर्देशीय पत्रं काढली. "तुझं बारीक अक्षर आता दिसत नाही गं मला," ती म्हणाली. "ही शेवटची ओळ तेवढी वाचते रोज."

दर पत्राच्या शेवटी मी मुलीला आजीसाठी एक ओळ मराठीत लिहायला लावायचे. पोरीचं मराठी सुटू नये म्हणून. बोटभर उंचीची ठळक अक्षरं होती, सप्टेंबरच्या पत्रात, ऑक्टोबरच्या, नोव्हेंबरच्याही. 'आजी आम्ही मार्चमध्ये येणार.'

"तुझ्या नवऱ्याचं काही मी धरून चालत नाही," आई म्हणाली. "सरकारी माणूस, त्याच्या हातात काय असतं. पण पोरीनं लिहिलंय म्हणजे येणारच. लेकरू कशाला खोटं लिहील?"

मी पत्रांची घडी घालत होते.

"मार्चमध्येच ना?" तिने विचारलं.

मी हो म्हणाले.