आम्ही दोघांनी न पाहिलेला वाघ

आमच्या ह्यांनी आयुष्यात कधीही जंगलातला वाघ पाहिला नव्हता.

गावातल्या मंडळींना आता धक्का बसेल. बसू दे.

आज ह्यांना जाऊन वर्ष झालं. वर्षभर हे पोटात ठेवलं, आता नाही राहवत.

लग्न झालं तेव्हा हे म्हणाले होते, "महाबळेश्वरला काय, सगळेच जातात. आपण जंगलात जाऊ. सफारी करू. वाघ बघू."
मला वाटलं, चला, नवरा हौशी मिळाला.
मग कळलं की ह्यांचं पहिलं लग्न द्राक्षबागेशी झालेलं आहे.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. वणीच्या अलीकडे आमची बाग. मी शाळेत शिक्षिका, त्यामुळे माझी सुट्टी दिवाळीत आणि मे महिन्यात.
दिवाळीत ह्यांची छाटणी नुकतीच झालेली असायची, फवारणीतून मान वर काढायला सवड नाही.
मण्यांत पाणी उतरायला लागलं की मुक्काम बागेतच. माल गेला की एप्रिलची छाटणी, आणि मे त्यातच संपायचा.

तरी प्लॅनिंग मात्र दरवर्षी. आणि काय ते प्लॅनिंग!
संध्याकाळी चहा घेऊन ओट्यावर बसायचं, नकाशा पसरायचा आणि कान्हाच्या जंगलात कुठल्या गाडीनं जायचं यावर भांडायचं.

कुणीतरी ह्यांना सांगितलं, जंगलात भडक रंग नाय चालत. लगेच टेलरकडून दोघांना खाकी कपडे शिवून आले. मला खाकी पंजाबी ड्रेस!
सासूबाईंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.
"पोलिसात भरती झाली का गं?"

शेवटी एका वर्षी हे एकदम म्हणाले, "मॅडम, जुलैत रजा टाका. बागेत तेव्हा लय काम नाय. जाऊनच येऊ."

मुलांना आजीकडे ठेवलं. नाशिकरोडहून रेल्वे, जबलपूरहून बस. भर पावसात कान्हाच्या गेटवर उतरलो, दोघंही खाकीत.

गेट बंद.

गार्डनं आम्हाला बघून आधी कडक सॅल्यूट ठोकला. मग गोंधळून म्हणाला, "साहब, बरसात में तो जंगल बंद रहता है."

इतकी वर्षं आम्ही ट्रेन ठरवली, कपडे ठरवले, डब्यात काय न्यायचं ते ठरवलं. तारीख फक्त बागेला विचारली. जंगलाचंही काही वेळापत्रक असेल, हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

ह्यांनी आपल्या खास हिंदीत विचारलं, "तो फिर शेर लोग क्या करते?"
"उनकी छुट्टी रहती है, साहब."
"हमारी भी अभीच रहती है."

मी चिडणार होते. खरंच चिडणार होते. पण ह्यांचं तोंड बघितलं आणि हसूच फुटलं. समोरच्या टपरीवर बसून आम्ही पोट धरधरून हसलो. गार्डही हसला.

परतीच्या गाडीला तीन दिवस अवकाश होता, म्हणून तिथंच एक खोली घेऊन राहिलो.
ना मजूर, ना व्यापारी, ना मुलांची दप्तरं. नुसते आम्ही दोघं आणि बाहेर पाऊस.
ह्यांनी विचारलं, "तुला लहानपणी कोण व्हायचं होतं गं?"
लग्नाला एवढी वर्षं झाली होती आणि असं मला कुणी पहिल्यांदाच विचारत होतं. मी बोलत राहिले, हे ऐकत राहिले. माझ्या संसारातले सगळ्यात सुखाचे दिवस तेच.

घरी आलो तर अख्खी गल्ली ओट्यावर. "अण्णा, दिसला का वाघ?"
मी खाली बघितलं.
हे म्हणाले, "दिसला म्हणजे? जीपपुढं आडवा बसला होता! विचारा मॅडमला."
मी म्हटलं, "हो."

झालं. तो वाघ मग दरवर्षी वाढत गेला.
द्राक्षाच्या व्यापाऱ्यांना सांगून झाला, पाहुण्यारावळ्यांना सांगून झाला. लेकीच्या लग्नात व्याह्यांना सांगितला तेव्हा तर त्यानं डरकाळीही फोडली. आमच्या मुलांनासुद्धा तो खराच वाटायचा.
प्रत्येक वेळी शेवटी, "विचारा मॅडमला." मी मान डोलवायची. मग हे माझ्याकडे चोरून बघून हसायचे.
त्या हसण्यासाठी मी कितीही वेळा खोटं बोलले असते.

ह्यांच्या दहाव्याला सगळे घरी जमले होते. कुणीतरी म्हणालं, "अण्णांचा वाघ आता कोण सांगणार?"
नात माझ्याजवळ येऊन बसली. "आजी, खरंच केवढा होता गं तो?"

मी दोन्ही हात पसरले. "एवढा!"

आणि सवयीनं शेजारी बघितलं, हे हसतायत का.

अहो, तुमच्या मॅडमचा तुम्हाला मनापासून नमस्कार.