मी काम सोडलेलं नाही

"अहो मावशी, वाचत काय बसलात? सही करा. आम्हाला परीक्षा नाही घ्यायची तुमची."

मुख्याध्यापिकाबाई असं म्हणाल्या आणि आम्रखंडाच्या वाटीत चमचा फिरवत राहिल्या. बाकीच्या शिक्षिका हसल्या. नारायण पेठेतली नावाजलेली शाळा, वर्षाचा शेवटचा दिवस. त्यांचीच भांडी घासून आले होते मी. हात ओले होते. टाईप केलेल्या कागदावर थेंब पडला तर बाई म्हणाल्या, "कागद तरी धरता येतो का नीट?"

मी दहावी पास आहे. कागदावर होतं, 'मी स्वखुशीने काम सोडत आहे.'

खुशी! दर एप्रिलला आम्हा सगळ्या मावश्यांना ही खुशी होते. जूनमध्ये परत नव्या म्हणून घेतात. बाईंना उन्हाळ्याची पगारी सुट्टी, आम्हाला राजीनामा. सगळ्या करतात म्हणून मीही केली सही. अकरा वर्षं केली. मूर्ख होते, दुसरा शब्द नाही.

गेल्या वर्षी, त्या सहीनंतरच्या मे महिन्यात मंगल कार्यालयातलं भांड्यांचं कामही मिळेना. घरात मी आणि मुलगी, कमावणारी मी एकटी. येरवड्यातली शेजारीण म्हणाली, काम गेलं तर कामगार विम्यातून भत्ता मिळतो. विम्याचा हप्ता माझ्याही पगारातून कापतात. गेले. खिडकीतल्या माणसाने मी नेलेला शाळेचा कागद वाचला.

"स्वतःहून सोडलंय तुम्ही. काढलं असतं तर अर्ज घेतला असता."

"सोडलं नाही हो. शाळेला सुट्टी आहे."

"मग नोकरी आहे की. बेकार कशा तुम्ही?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. चालत घरी आले. शाळेचा राग आला, त्याहून जास्त माझा आला.

यंदा एप्रिलमध्ये पुन्हा तोच कागद समोर आला. मी तो मोठ्याने वाचला. पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत, सावकाश. या वेळी कुणी हसलं नाही.

"मी काम सोडत नाहीये. तुम्ही काढताय. तसं लिहून द्या."

"जूनमध्ये यायचं नाही वाटतं?"

"यायचंय. म्हणूनच सही करत नाही."

माझ्यामागे पाच मावश्या होत्या. तिघींनी पेन खाली ठेवलं. दोघींनी सही केली. त्यांना मी बोल लावत नाही, पोट सगळ्यांनाच आहे.

बाईंनी लिहून दिलं नाही. मग मीच कोऱ्या कागदावर लिहिलं, मला सुट्टीपुरतं कामावरून काढलंय. शाळेने पोच द्यायला नकार दिला. रजिस्टर पोस्टाने पाठवलं. त्याची पावती घेऊन आता मी विम्याच्या खिडकीवर जाणार आहे.

भत्ता मिळेल की नाही, माहीत नाही. जूनमध्ये गेट उघडेल की नाही, तेही माहीत नाही. काढायचं तर खुशाल काढा. पण ते तुमच्या हाताने, तुमच्या सहीने. माझा हात त्यासाठी पुन्हा मिळणार नाही.