उघडा राहिलेला व्हॉल्व्ह

शिक्रापूरजवळच्या कारखान्यात मी मेंटेनन्सला होतो. सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटच्या शेवटच्या पाइपवर नवा व्हॉल्व्ह बसवायचा होता. पुढे पाणी ओढ्याला जायचं. वीज गेली की आपोआप मिटणारा स्प्रिंगचा व्हॉल्व्ह यायला दोन महिने लागणार होते. साधा मोटारीवरचा चार दिवसांत मिळत होता आणि तपासणी तोंडावर आली होती. मी साधा निवडला.

प्लांट चालवायला ठेकेदाराकडचे एक वयस्कर कामगार होते, वरवंडचे; सगळे त्यांना मामा म्हणत. व्हॉल्व्ह बसवताना त्यांनी विचारलं, "सायेब, लाईट गेल्यावर ह्यो आपला आपन बंद व्हईल का?"

"जनरेटर आहे ना, मामा."

"आन् जनरेटर न्हाई उठला तर? टाकी वर हाय. प्लांट बंद पडला तरी घाण पानी तर येतच राहनार."

फिटर ऐकत होते. मी हसून म्हणालो, "तुम्ही कचऱ्याच्या जाळ्या साफ करा, हे आम्ही बघतो." मामा जाळीकडे गेले.

उन्हाळ्यात एका दुपारी वीज गेली आणि जनरेटर उठला नाही. व्हॉल्व्ह जसा उघडा होता तसाच राहिला. मामा प्लांटच्या दुसऱ्या टोकाला होते. त्यांना कळलं तेव्हा ते धावत आले आणि हातचाकानं तो मिटवला. तोवर काळं पाणी ओढ्यात गेलं होतं. संध्याकाळी ओढ्याकाठचे एक शेतकरी विहिरीचं पाणी बाटलीत भरून गेटवर आले. आत येऊन बाटली मॅनेजरसाहेबांच्या टेबलावर ठेवून म्हणाले, "प्या हे."

ते गेल्यावर साहेबांनी मामांना बोलावून विचारलं, "व्हॉल्व्हजवळ का नव्हतात?"

"जाळी साफ करीत व्हतो," मामा म्हणाले आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. व्हॉल्व्ह निवडल्याचा कागद माझ्या मांडीवरच्या फाइलीत होता, खाली माझी सही. मी फाइल उघडली नाही. दुसऱ्या दिवसापासून मामांना येऊ नका म्हणून सांगितलं गेलं.

स्प्रिंगचा व्हॉल्व्ह मीच मागवला. तो बसल्यावर साहेबांनी माझं कौतुक केलं, ते मात्र मला सोसलं नाही. मी खरं काय ते सांगितलं. ते म्हणाले, "मिटलंय ना आता? कशाला उकरता?" मामांना परत घ्या म्हटलं, तर त्यांच्या जागी दुसरा माणूस आला होता.

मग मी वरवंडला गेलो. मामा दुसऱ्याच्या शेतात मजुरीला जाऊ लागले होते. त्यांनी मला खाट दिली, स्वतः पायरीवर बसले. मी कसंबसं म्हणालो, "मामा, चूक माझी होती."

"व्हय. मला ठावं व्हतं."

"मग तिथं का नाही बोललात?"

"मला वाटलं, तुम्ही बोलाल."

मामींनी चहा आणला. मी मान खाली घालून प्यायलो. निघताना पुन्हा येतो म्हणालो. अजून गेलेलो नाही.