बिनकठड्याचा तट

माणूस कुठूनही पडू शकतो, यावर माझ्या साडूंचा जेवढा ठाम विश्वास आहे, तेवढा मी कोणाचा देवावरही पाहिलेला नाही. माझी बायको त्यांना भाऊजी म्हणते, म्हणून मीही भाऊजीच म्हणतो. कुवेतमधल्या एका बांधकाम कंपनीत ते सेफ्टी ऑफिसर आहेत. साइटवर लोकांना पट्टे-हेल्मेट घालायला लावणं हे त्यांचं कामच. पण घरी आल्यावरही हे काम सुटत नाही. कुवेतच्याच सालमिया भागात आमच्याकडे जेवायला आले, की झुंबर कशावर टांगलंय ते विचारून मगच त्याखाली बसतात. कोणाच्या साखरपुड्याला गेले, तर आधी हॉलची मागची दारं उघडतात का ते पाहतात आणि मग नवऱ्या मुलाचं अभिनंदन करतात. एकदा शर्कच्या मासळीबाजारात फरशीवर पाणी सांडलेलं दिसलं. भाऊजी पिशवी घेऊन तिथेच उभे राहिले आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना अर्ध्या अरबी, अर्ध्या हिंदीत बाजूने वळवू लागले. शेवटी कंटाळून विक्रेत्याने स्वतः फडकं मारलं. पापलेटं घ्यायची मात्र राहूनच गेली, असं त्यांची बायको, म्हणजे आमच्या ताई, अजून सांगतात.

गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या मुलीचा, मुग्धाचा, इंग्लंडात यॉर्कला पदवीदान समारंभ होता. त्या निमित्ताने आम्ही दोन्ही कुटुंबं पाच दिवसांसाठी तिकडे गेलो. समारंभ पार पडला आणि दुसऱ्या दिवसापासून गाव बघणं सुरू झालं. तिथल्या प्रचंड कॅथीड्रलमध्ये आम्ही रंगीत काचा बघत मान मोडून घेत होतो, तेव्हा भाऊजी बाहेर दुरुस्तीसाठी बांधलेली परांची निरखत उभे होते. अर्ध्या तासाने आत आले आणि समाधानाने म्हणाले, काम चोख आहे. जुन्या बाजाराच्या अरुंद गल्लीत वरचे मजले रस्त्यावर झुकलेले आहेत. लोक तिथे फोटो काढतात. भाऊजी बरोबर मधोमध, वर बघत, झपाझप चालत पार झाले. ही घरं शेकडो वर्षं अशीच उभी आहेत, असं मुग्धाने सांगितलं, तर म्हणाले, म्हणूनच घाई करायची.

तिसऱ्या दिवशी आम्ही शहराच्या तटावर चढलो. या तटावरून गावाला जवळजवळ फेरी मारता येते. बाहेरच्या बाजूला छातीइतकी भिंत आहे, पण आतल्या बाजूला बराच भाग कठडाच नाही. भाऊजींनी वर येऊन एकदा पाहिलं आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. "तुम्ही चाला," ते म्हणाले, "मी खालून येतो." आणि खरंच ते खालून आले. तटाला लागून असलेल्या गवतावरून, बरोबर आमची सई चालत होती तिच्या खाली, दोन्ही हात थोडे पुढे धरून. सई अकरा वर्षांची. ती थांबली की ते थांबत, ती धावली की तेही धावत. दोन गोऱ्या आजीबाई बाकावरून हे बघत बसल्या होत्या. आम्हाला हसू आवरेना.

मुग्धा मात्र हसत नव्हती. तिला तिथेच नोकरी लागली होती आणि ती कुवेतला परतणार नव्हती. हे तिने फक्त तिच्या मावशीला, म्हणजे माझ्या बायकोला सांगितलं होतं. भाऊजी पुढच्या वर्षी निवृत्त होऊन पुण्याला जाणार होते; मुलगी बरोबर येईल, हे त्यांनी गृहीतच धरलं होतं. सांगायला तिचा धीर होत नव्हता. खाली हात पसरून चालणाऱ्या बापाकडे तिने थोडा वेळ पाहिलं, मग पुढच्या वेशीपाशी जिना आला तसा ती एकटीच उतरून गेली.

आम्हाला वरून काही ऐकू येत नव्हतं. ती बोलत होती आणि भाऊजी गवताकडे बघत होते. बऱ्याच वेळाने दोघं जिना चढून वर आले. भाऊजींनी मुग्धाला भिंतीच्या बाजूला घेतलं आणि स्वतः उघड्या बाजूने चालू लागले. ताईंनी माझ्याकडे पाहिलं. शंभरेक पावलं झाल्यावर ते थांबले.

"खोली कितव्या मजल्यावर आहे?"

"तिसऱ्या, बाबा."

"जिना लाकडी?"

"इट्स ओल्ड, बट इट्स फाइन, बाबा."

"फाइन आहे की नाही ते मी बघतो."

दुसऱ्या दिवशी समुद्रकाठच्या एका गावी जाऊन यायचं ठरलं होतं. भाऊजी आणि मुग्धा आले नाहीत. आम्ही संध्याकाळी परतलो, तेव्हा तिच्या नव्या खोलीच्या खिडकीला कडी बसली होती, जिन्याच्या सुट्या पायरीला खिळे ठोकले होते आणि बापलेक जमिनीवर बसून चहा पीत होते. मुग्धाचे डोळे सुजलेले दिसले. भाऊजींच्या बोटाला पट्टी होती.

परतीच्या विमानात ते माझ्या शेजारी होते. ताई मागे सईचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मग भाऊजींनी विचारलं, "तुमची सई कितवीत आहे?" त्यांना ते चांगलं माहीत होतं, तिची दर वर्षीची पुस्तकं तेच कव्हरं घालून देतात.

"सहावीत," मी म्हणालो.

"मग आहे अजून वेळ," ते म्हणाले, आणि माझ्या हातावर हलकेच थोपटून खिडकीकडे वळले.